उच्चार एक, नावं दोन: जपानी ‘आओई’बद्दल

‘आओई’ हे नाव नुसतं कानावर पडलं तर त्याचा अर्थ सांगता येत नाही. मूल मुलगा आहे की मुलगी, तेही कळत नाही. बाळांच्या नावांच्या बहुतेक याद्यांत ‘आओई = निळा’ एवढं एका ओळीत उरकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं जास्त रंगतदार आहे. मुळात इथे दोन वेगळे शब्द आहेत. शतकांच्या प्रवासात त्यांचे उच्चार घासून घासून एकसारखे झाले, एवढंच.

पहिला शब्द वनस्पतीचा. जुन्या लेखनपद्धतीत तो ‘आफुही’ असा लिहीत. दुसरा रंगाचा. त्याचं जुनं रूप ‘आवोशी’, नामाआधी आलं की ‘आवोकी’. पुढे बोलीत ‘की’मधला ‘क’ गळाला आणि ‘आओई’ उरलं. वनस्पतीच्या नावातले ‘फ’ आणि ‘ह’ही असेच झिजले. तरी लिहिताना फरक दिसत होता. १९४६ मध्ये काना, म्हणजे उच्चारानुसार चालणाऱ्या जपानी लिपीच्या, लेखनाच्या नव्या नियमांनी तोही मिटवला. आज हिरागानात, म्हणजे कानाच्या नेहमीच्या रूपात, दोन्ही शब्द अक्षरशः सारखे दिसतात. म्हणून अर्थ ठरतो तो कांजीवरून, म्हणजे चीनमधून आलेल्या अर्थवाही अक्षरांवरून, आणि ‘आओई’साठी प्रामुख्याने तीन कांजी वापरात आहेत. त्यांची ओळख स्ट्रोकच्या, म्हणजे अक्षर लिहिताना ओढलेल्या रेघांच्या, संख्येवरून करून घेणं सोयीचं.

बारा स्ट्रोकचं अक्षर वनस्पतीचं. डोक्यावर गवताचं चिन्ह, खाली नऊ स्ट्रोकचा भाग. चीनमध्ये हे अक्षर मॅलो कुळातल्या एका खाद्य भाजीचं. सूर्याकडे वळणारी वनस्पती ही कल्पना त्याला तिथेच चिकटली, आणि म्हणून सूर्यफुलाच्या तीन कांजींच्या जपानी लेखनात शेवटचं अक्षर हेच असतं. जपानमध्ये मात्र या एका अक्षराखाली निदान दोन अगदी वेगळ्या वनस्पती येतात. एक ‘ताची-आओई’, म्हणजे हॉलीहॉक: माणसाच्या उंचीचा सरळ दांडा, त्यावर खालून वर उमलत जाणारी मोठी फुलं. शेंड्याचं फूल उमललं की पावसाळा संपतो, असं तिथे म्हणतात. दुसरी ‘फुताबा-आओई’: जंगलात जमिनीलगत वाढणारी, हृदयाच्या आकाराची दोन पानं, आणि पानांखाली लपलेलं तपकिरी-लाल, सहज नजरेला न पडणारं फूल. या दोघींचं वनस्पतिशास्त्रातलं कुळही एक नाही. बारशाच्या कार्डावर चित्र उंच, गुलाबी फुलाचं छापलं जातं. पण नावामागचा सगळा इतिहास त्या बुटक्या, पानांच्या आओईचा आहे.

हा इतिहास क्योतोचा. कामिगामो आणि शिमोगामो या दोन देवस्थानांचा आओई मात्सुरी (मात्सुरी म्हणजे उत्सव) दरवर्षी १५ मे रोजी असतो. हेइआन काळातल्या (नववं ते बारावं शतक) पोशाखातले पाचशेहून अधिक लोक जुन्या राजवाड्यापासून आधी शिमोगामोला आणि मग कामिगामोला चालत जातात. त्यांच्या शिरोभूषणांवर आणि बैलगाडीवर फुताबा-आओईची पानं खोचलेली असतात. हेइआन काळात नुसतं ‘मात्सुरी’ म्हटलं तरी हाच उत्सव समजला जाई. पंधराव्या शतकातल्या ओनिनच्या यादवी युद्धाने तो बंद पडला तो १६९४ मध्ये पुन्हा सुरू झाला, आणि ‘आओई मात्सुरी’ हे नाव त्यानंतर रुळलं.

जुन्या वाका कवितेत या शब्दावर एक ठरलेला श्लेष आहे. ‘आफुही’ तोडून वाचलं की ‘आफु ही’, म्हणजे भेटीचा दिवस. उत्सवाच्या गर्दीत कुणीतरी भेटावं अशी आस असली, की कवी हमखास हे पान हातात घेतात. राजपुत्र गेंजीची कथा सांगणाऱ्या ‘गेंजी मोनोगातारी’ या हेइआनकालीन कादंबरीचं नववं प्रकरण ‘आओई’च आहे. उत्सवाच्या गर्दीतलं गाड्यांचं भांडण आणि नंतर बाळंतपणात गेंजीच्या पत्नीचा मृत्यू, हे त्यातले गाजलेले प्रसंग. तिला ‘आओई नो उए’ हे नाव पुढच्या वाचकांनी दिलं. मूळ ग्रंथात ते तिचं नाव नाही. ‘गेंजीतल्या राजकन्येचं नाव’ अशी जाहिरात करणाऱ्या याद्या इथे दोनदा चुकतात, कारण ती डाव्या मंत्र्याची मुलगी, राजकन्या नव्हेच.

जपानवर राज्य केलेल्या तोकुगावा या शोगुन घराण्याचं तीन पानांचं मानचिन्हही याच वनस्पतीचं. गंमत अशी, की फुताबा-आओईला पानं दोनच येतात. ‘फुताबा’ म्हणजेच दोन पानं. तिसरं पान चिन्ह आखणाऱ्याचं.

तेरा स्ट्रोकचं अक्षर रंगाचं. वर गवताचं चिन्ह, खाली ‘कोठार’ या अर्थाचं दहा स्ट्रोकचं अक्षर. खोल निळा, दाट हिरवा, आकाश, गर्द वनराई असे त्याचे पदर. पण याच अक्षरात फिकटपणाही आहे: भीतीने पांढरा पडलेला चेहरा सांगणाऱ्या शब्दात ते येतं, आणि जुनाट, काळवंडलेल्या वस्तूंच्या वर्णनातही. जपानी आजी-आजोबा कधी या अक्षरावर नाक मुरडतात ते यामुळे. अर्थात आजच्या आईबापांना त्यात आकाशच दिसतं, आणि मला तरी त्यात काही वावगं वाटत नाही.

चौदा स्ट्रोकचं अक्षर निळसर हिरव्या रत्नाचं. वर डावीकडे रत्नाचं चिन्ह, त्याच्या शेजारी ‘पांढरा’, खाली ‘दगड’. समुद्राच्या पाण्याचा रंग सांगायला हे अक्षर लागतं. इथे जपानी ‘आओ’ची सवय लक्षात ठेवायला हवी: सिग्नलचा हिरवा दिवा त्यांच्या लेखी ‘आओ’, हिरवं सफरचंदही ‘आओ’. तेव्हा नावाचा अर्थ ‘निळा’ असा एका शब्दात बांधला की अक्षराचा अर्धा रंग बाहेर राहतो.

कायद्याची बाजू कथालेखकांनी मुद्दाम तपासावी. १९४८ पासून मुलाच्या नावात ठरावीक कांजीच चालतात. सुरुवातीला मुभा फक्त ‘तोयो’ या नेहमीच्या वापरातल्या कांजींच्या सरकारी यादीतल्या १८५० अक्षरांना होती, १९५१ मध्ये नावांसाठी म्हणून ९२ अक्षरं वाढली. बारा स्ट्रोकचं आओई या दोन्हींत नव्हतं. ते १९७६ च्या वाढीव २८ अक्षरांबरोबर आलं. तेरा आणि चौदा स्ट्रोकची अक्षरं तर १९९० मध्ये आली. म्हणजे १९६० साली जन्मलेल्या नायिकेचं नाव नोंदवहीत वनस्पतीच्या कांजीत दाखवलं, तर जपानी वाचकाला ते खटकू शकेल. तिला हिरागानात लिहायचं. काना अक्षरांवर बंदी कधीच नव्हती. आज नेहमीच्या वापरातली २१३६ आणि नावांसाठीची ८६३ अशी अक्षरं उपलब्ध आहेत, आणि जन्माची नोंद १४ दिवसांत करावी लागते.

अक्षरांवर इतकी बंधनं, पण उच्चाराची नोंद मात्र कुटुंब नोंदवहीत अनेक दशकं होतच नव्हती. ती सोय २६ मे २०२५ पासून लागू झाली, आणि उच्चार समाजात मान्य असलेल्या वाचनाला धरून असावा अशी अट आली. ‘उंच’ या अर्थाचं अक्षर लिहून ‘हिकुशी’, म्हणजे ठेंगणा, असं वाचलेलं चालणार नाही. तिन्ही अक्षरांचं ‘आओई’ हे वाचन रूढ आहे, त्यामुळे या नावाला तिथे अडचण नाही.

लोकप्रियतेचे आकडे वाचताना सगळ्यांत जास्त घोळ होतो. बातम्यांत झळकणाऱ्या याद्या खासगी कंपन्यांच्या असतात; सर्वांत जुन्या आणि प्रसिद्ध यादीमागे मेइजी यासुदा ही विमा कंपनी आहे. ती दोन वेगळ्या क्रमवाऱ्या देते, एक लेखनाप्रमाणे आणि एक उच्चाराप्रमाणे. लेखनाच्या यादीत बारा स्ट्रोकचं अक्षर २०१५ आणि २०१६ मध्ये मुलींत पहिलं होतं. मुलांत तेरा स्ट्रोकचं अक्षर २०२० आणि २०२२ मध्ये पहिलं आलं, चौदा स्ट्रोकचं २०२३ मध्ये. हे वाचून ‘आओई मुलांत पहिलं’ असं लिहिणं चूक, कारण तेरा स्ट्रोकचं अक्षर ‘आओ’ आणि ‘सो’ असंही वाचलं जातं, चौदा स्ट्रोकचं ‘आओ’ असंही. उलट बाजूने, ‘आओई’ला दोन कांजींत लिहिणारेही पुष्कळ: रंगाच्या अक्षरापुढे वस्त्र, जीवन किंवा ‘एकमेव’ अशा अर्थाचं अक्षर जोडलं, की शेवटचा ‘इ’ डोळ्यांना दिसतो आणि वाचणारा अडखळत नाही. ती सगळी लेखनं यादीत वेगवेगळी मोजली जातात. सूर्य आणि वनस्पती अशा दोन अक्षरांचं ‘हिमारी’ हे मुलींचं नाव अलीकडे वारंवार पहिलं येतं. त्यात आपलं बारा स्ट्रोकचं अक्षर आहे, पण ‘आओई’ हा उच्चार नाही.

ढोबळ कल असा, की वनस्पतीचं अक्षर मुलींकडे झुकतं आणि रंगाची दोन्ही अक्षरं मुलांकडे. पण हा कलच, नियम नव्हे. अनोळखी आओईला पत्र लिहायचं तर नावापुढे लावायच्या ‘कुन’ (बहुधा मुलांसाठी) किंवा ‘चान’च्या (बहुधा मुलींसाठी) फंदात पडू नये, आदरार्थी ‘सान’ सगळीकडे चालतं.

स्ट्रोक मोजून भविष्य सांगणारे ‘सेइमेई हांदान’वाले बाराच्या अक्षराला कधी पंधरा धरतात. गवताचं चिन्ह आज तीन स्ट्रोकचं, पण त्याचं मूळ पूर्ण रूप सहांचं, आणि काही पंथ मूळ रूपच मोजतात. एकाच नावाला एका पुस्तकात शुभ आणि दुसऱ्यात अशुभ ठरवलेलं दिसतं ते यामुळेही. आधी पंथ निवडा, मग आकडा पाहा. किंवा दोन्ही सोडून द्या.

उच्चार करताना तीन सारखे ठोके: अ, ओ, इ. तिन्ही स्वर ऱ्हस्व. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायची रीत असल्याने आपण ‘आओई’ लिहितो आणि मग ‘ई’ ओढतो. ओढू नये, शिवाय ‘आ’वर जोर देऊन पुढचं ‘ओय’ असं गुंडाळूही नये.

कांजी विचारायची असेल तर ‘दोऊ काकिमासु का’, म्हणजे ‘कसं लिहिता’, हा प्रश्न पुरतो आणि तो उद्धट वाटत नाही. फोनवर उत्तर बहुधा ओळखीच्या शब्दाच्या आधाराने येतं. ‘आओई मात्सुरीतलं आओई’ म्हणाले तर बारा स्ट्रोक. ‘सोक्यू’, म्हणजे निळं आकाश, त्यातलं ‘सो’ म्हणाले तर तेरा. ‘कोंपेकी’, म्हणजे गडद निळा, त्यातलं ‘पेकी’ म्हणाले तर चौदा. ‘हिरागानात’ म्हणाले, तर अर्थ आईवडिलांनी मुद्दाम मोकळा ठेवला असण्याची शक्यता आहे, आणि तो त्यांनाच विचारावा लागेल.