आधी 'पोर्ट्रेट इन जॅझ'च का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते. जॅझ पियानोवादक बिल एव्हान्स ऐकायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं की माझ्या तोंडी एकच नाव येतं, 'पोर्ट्रेट इन जॅझ'. त्यावर हमखास दुसरा प्रश्न येतो: सगळे तर न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमधल्या मैफलीचं नाव घेतात, मग तुम्ही आधी हा स्टुडिओतला अल्बम का ऐकायला लावता?

व्हॅनगार्डचं ध्वनिमुद्रण मलाही जीव की प्राण आहे. २५ जून १९६१चा रविवार, दुपारपासून रात्रीपर्यंत पाच सेट, ग्लासांची किणकिण, श्रोत्यांची कुजबुज, सगळंच. पण तिथवर पोचेपर्यंत एव्हान्स आणि त्याचे दोन साथीदार एकमेकांत इतके मुरलेत, की कोण कुणाला काय सुचवतंय हे नवख्या कानाला सुटं करता येत नाही. माणूस 'वा' म्हणतो आणि पियानोबरोबर वाहत जातो. खाली काय चाललंय ते निसटतं. 'पोर्ट्रेट'मध्ये पियानो ट्रिओची (पियानो, डबल बेस आणि ड्रम्स अशा तिघांच्या ताफ्याची) जुनी रीत आणि या तिघांची नवी रीत एकाच रचनेत शेजारी शेजारी ऐकू येतात, आणि दोन्हींतला फरक न शिकवता कळतो.

जुन्या रीतीत डबल बेसवाला (डबल बेस म्हणजे उभं धरायचं, खर्जातलं मोठं तंतुवाद्य) दर ठोक्याला एक स्वर देत चालत राहणार, ड्रमर झांजेवर लय धरणार, आणि बोलायचं ते पियानोनं. मधे बेसला थोडी जागा, की पुन्हा पियानो. अपवाद होतेच. पियानोवादक अहमद जमालच्या ट्रिओत इस्रायल क्रॉस्बीचा बेस काय सुरेख बोलतो, त्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं. एव्हान्सला मात्र एकापाठोपाठ एक असं वाजवणं नको होतं. तिघांनीही एकाच वेळी, सुचेल तसं वाजवावं, ट्रिओ त्या दिशेनं वाढावा, अशी त्याची इच्छा होती. १९५९च्या मार्च-एप्रिलमध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमवर त्यानं पियानो वाजवला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात बेसवादक स्कॉट लाफारो आणि ड्रमर पॉल मोशन यांच्याबरोबर त्याचा ट्रिओ जमला, आणि २८ डिसेंबरला न्यू यॉर्कमध्ये, रिव्हरसाइड कंपनीसाठी, निर्माता ओरिन कीपन्यूजच्या देखरेखीखाली एका दिवसात हा अल्बम झाला. एव्हान्स ३० वर्षांचा, मोशन २८चा, लाफारो अवघा २३चा.

आता 'ऑटम लीव्ह्ज' लावा. जोसेफ कोस्माची चाल, ३२ बारांचं (बार म्हणजे इथे चार ठोक्यांचा एक गट) आवर्तन, जॅझवाल्यांनी पुढे वाजवून वाजवून गुळगुळीत केलेलं. सुरुवातीची छोटी सुरावट होते, चाल वाजून होते, आणि आता पियानो सुटणार असं वाटतं. तो सुटत नाही. बेस पुढे येऊन एक वाक्य टाकतो. पियानो त्याला उत्तर देतो, कधी ते वाक्य पुरं व्हायच्या आतच. ड्रम्स मधेच एखादा फटकारा देऊन गप्प बसतात. ठोके कुणीच मोजून दाखवत नाही, तरी लय तसूभर हलत नाही, कारण ती तिघांच्याही आत चालू आहे. हे असं बराच वेळ ताणून धरल्यावर तिघं एकदम सरळ चालीत उतरतात: बेस चारही ठोके चालू लागतो, झांज झुलू लागते आणि एव्हान्स धावत सुटतो. इतका वेळ अडवून धरलेलं सगळं त्या क्षणी मोकळं होतं. ज्या चालीला आपण साधी साथ समजत होतो, तिच्यात केवढा आनंद भरलाय हेही तिथेच कळतं. सीडीवर ही रचना दोनदा आहे, एक स्टीरिओ आणि एक मोनो. दोन्ही ऐका, संवादाचा भाग दर वेळी वेगळा जातो. आणि पहिल्यांदा ऐकताना पियानो सोडा, कान बेसवर ठेवा.

लाफारोच्या बेसची घोडी, म्हणजे तारा उचलून धरणारा आधार, खाली बसवलेली असे. त्यामुळे तारा बोटं दाबायच्या पट्टीच्या अगदी जवळ येत. दाबायला जोर कमी लागे, डावा हात वरच्या स्वरांपर्यंत पळू शके, आणि उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीनं तार छेडत. त्या बदल्यात आवाज बारीक होतो. म्हणूनच मला तो स्टुडिओत ऐकायला हवा असतो: मायक्रोफोन जवळ असला की प्रत्येक स्वराची सुरुवात, त्याचं विरत जाणं, सगळं हाताला लागतं. मोशनचंही तेच. त्याचे ब्रश एरवी नुसती सरसर वाटतात, इथे त्यांतली प्रत्येक रेघ कळते.

'ब्लू इन ग्रीन' या अल्बमवर आहे, आणि त्यासाठीसुद्धा हा अल्बम घ्यावा. 'काइंड ऑफ ब्लू'वर ती रचना एकट्या माइल्सच्या नावावर होती, इथे माइल्स आणि एव्हान्स अशी दोघांची नावं आहेत. तिचं आवर्तन १० बारांचं. ८ आणि ३२च्या हिशेबाला सरावलेला कान समेची वाट पाहत राहतो, आणि तेवढ्यात पुढचं आवर्तन सुरू झालेलं असतं. दुःखी म्हणावं अशी ती चाल नाही, पण ऐकताना छातीत काहीतरी आवळतं खरं.

पहिली रचना 'कम रेन ऑर कम शाइन' मला इतरांच्या मानानं जपून वाजवल्यासारखी वाटते. तिच्यावरून अल्बमची परीक्षा करू नका.

या तिघांनी स्टुडिओत दोनच अल्बम केले. व्हॅनगार्डच्या त्या रविवारनंतर ११ दिवसांनी, ६ जुलै १९६१ला, लाफारो मोटार अपघातात गेला. २५ वर्षांचा होता. एव्हान्सनं पुढे कित्येक महिने जवळपास वाजवलंच नाही.

तेव्हा 'पोर्ट्रेट' अंगवळणी पडलं की दुसरा अल्बम घ्या, २ फेब्रुवारी १९६१चा 'एक्सप्लोरेशन्स'. त्यातल्या 'नार्दिस'मध्ये लाफारोचा सोलो आहे, तोवर तुमचा कान त्याच्यासाठी तयार झालेला असेल. मग व्हॅनगार्ड खुशाल लावा. 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड'ची पहिलीच रचना 'ग्लोरियाज स्टेप', ती लाफारोनं स्वतः बांधलेली आहे.