सनरूफ राहू द्या, दिवे दाखवा

रात्री दीडला निलंग्याहून फोन येतो, "मॅडम, सिझर करावं लागायलंय, बाळाचे ठोके कमी व्हायलेत." मी भूलतज्ज्ञ. राहते लातूरला, पण भूल द्यायला औसा, निलंगा, रेणापूर, अहमदपूर अशी चहूकडे फिरते. बॅग मागच्या सीटवर कायम भरलेली. रात्री गाडी मीच चालवते, कारण ड्रायव्हर काकांना उठवून आणण्यात जी पंधरा मिनिटं जातात, तेवढ्यात मी औशाच्या जवळ पोचलेली असते.

जुनी गाडी दोन लाख किलोमीटर पळाली. मग आमच्या ह्यांनी, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांनी, जाहीर केलं की आता चांगली मोठी जर्मन गाडी. मी कुरकुरले, तर लगेच दाखला: 2010 मध्ये औरंगाबादकरांनी एकत्र सौदा करून 65 कोटींच्या दीडशे मर्सिडीज घेतल्या, आपल्याला एक जड जायलीय होय? त्या लोकांनी एकगठ्ठा घेऊन भाव पाडला होता, हे मात्र ह्यांना आठवत नाही.

दिवाळीच्या आधी पुण्याच्या शोरूममध्ये गेलो. तिथल्या पोराने टॅब उघडला आणि लग्नाच्या हॉलवाल्यासारखा एकेक पदार्थ वाढवत गेला. चौसष्ट रंगांचे आतले दिवे, मसाजची सीट, हळूच ओढून घेणारी दारं, आरपार काचेचं छत. हे मसाजवर अडकले. मी विचारलं, "हेडलाइटमध्ये काय काय आहे?" पोरगा थबकला. म्हणाला, "मॅडम, हेडलाइट कुणी विचारत नाही."

माझा हिशोब साधा होता. जे नंतर बाहेरून बसतं ते आत्ता घ्यायचं नाही. मॅट, डॅशकॅम, रंगावरची फिल्म, हे सगळं लातुरात होतं. पण हेडलाइट, हवेशीर सीट, रडार, चारही बाजूंचे कॅमेरे कारखान्यातूनच यावे लागतात. शिवाय आता 40 टक्के जीएसटी आणि वर पेट्रोल गाडीला 13 टक्के रोड टॅक्स. मूळ लाखाची चैन अंगणात येईस्तोवर दीड लाखाच्या पुढे जाते.

काचेचं छत मी हाणून पाडणार होते. मे महिन्यात लातूरचा पारा 42 वर असताना डोक्यावर काच घेऊन कोण बसणार? पण ते आमच्या मॉडेलला फुकटच होतं. पाच महिन्यांत पडदा एकदाही सरकवलेला नाही. सीट मात्र हवेच्या घेतल्या. चामड्याला बारीक भोकं, आत पंखा. एसीने गाडी गार झाल्यावरच त्याचा उपयोग कळतो, तोवर गरम हवाच फिरते. रंग पांढरा. काळी शोभते, पण 2016 मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे रोज गाडी धुवायची मला लाज वाटते.

चाकांवरून आमचं खरं भांडण झालं. ह्यांना वीस इंची हवी होती. चाक मोठं झालं की टायरची जाडी कमी होते, आणि खड्ड्याचा दणका रबराऐवजी रिम खाते. स्टेपनीही नव्हती. पंक्चर झालं तरी त्याच टायरवर ताशी 80 च्या आत 80 किलोमीटर जाता येतं म्हणे. मी अठरा इंची घेतली आणि स्टेपनी मागून घेतली.

आता त्या 'अ‍ॅडास'बद्दल, म्हणजे चालवणाऱ्याला मदत करणाऱ्या यंत्रणेबद्दल. आरशामागे कॅमेरा, पुढे रडार. कॅमेरा पांढरे पट्टे वाचतो, रडार पुढच्या वाहनाचं अंतर आणि वेग मोजतं. समृद्धीवर ही जोडी सोन्यासारखी आहे. ताशी 120 ची मर्यादा, सरळसोट रस्ता, झापड येते, तिथे गाडी स्वतः अंतर राखते. पण आमच्या दुपदरी रस्त्यावर अंतर राखलं की त्या अंतरात लगेच एक बोलेरो येऊन बसते. मग आपली गाडी आणखी मागे सरते, मग दुसरी येते. एरवी पांढरा पट्टाच नसतो. आणि जिथे असतो, तिथे इंडिकेटर न देता ट्रॅक्टरला ओलांडायला गेलं की स्टिअरिंग आपल्याला परत ट्रॅक्टरमागे ढकलतं. काका पहिल्यांदा चालवायला बसले आणि ओरडले, "मॅडम, ही हात ओढायली की!" गावरस्त्याला लागलं की पट्ट्याचं बटण मी आधी बंद करते. आपोआप ब्रेक आणि बाजूची गाडी दाखवणारा आरशातला दिवा चालूच ठेवते. गंजगोलाईत रिव्हर्स घेताना बाजूने येणारी मोटारसायकल गाडीला माझ्या आधी कळते, हे कबूल.

खर्चाची एक गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगत नाही. जानेवारीत खडीच्या हायवा ट्रकमधून दगड उडून समोरची काच तडकली. काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, नाहीतर तो थोडा तिरका बघतो. लातुरातला काचवाला म्हणाला, "बसवून देतो की, त्याला काय." मी गाडी पुण्याला पाठवली. विमावाल्यांशी त्या बिलावरून अजून पत्रव्यवहार चालू आहे.

दिव्यांसाठी मोजलेला पैसा मात्र एकदाही खुपला नाही. हे दिवे समोरून येणाऱ्या गाडीपुरता अंधार करतात आणि बाकी रस्ता लख्ख ठेवतात. कॅमेरा समोरचे दिवे शोधतो आणि तेवढा तुकडा झाकतो. आता गंमत बघा. उसाच्या टायरगाडीला, म्हणजे टायरच्या बैलगाडीला, दिवाच नसतो. गाळपाच्या दिवसांत पहाटे चारला अशा गाड्यांची रांग लागते, मागे उसाची वाढं लोंबतात, वर चढून झोपलेलं एखादं पोर. दिवा नाही म्हणून माझ्या गाडीच्या लेखी तिथे झाकण्यासारखं काही नाही, आणि पूर्ण प्रकाश तिच्यावर पडतो. त्यामुळे मला ती लांबूनच दिसते. पण समोरून येणाऱ्या गाडीचे बैल त्याच प्रकाशात बुजतात. आधी त्यांचे चार डोळे हिरवट चमकतात, मग मान झटकतात. तिथे मी हाताने डिपर मारते. ब्रेकचं म्हणाल तर पुस्तकात लिहिलंय की जनावर ओळखू येईलच असं नाही. म्हणून पाय ब्रेकवरच.

डिकीत स्टेपनीशेजारी आता लाल रेडियमचे दोन रोल असतात. मागच्या महिन्यात औशाच्या अलीकडे चहाला थांबले, तिथे तीन टायरगाड्या सोडलेल्या होत्या. मागच्या फळीवरची धूळ पुसून पट्ट्या चिकटवत होते, तेवढ्यात गाडीवान कांबळं सारून उठला. "बाई, कारखान्याच्या हाव का?" म्हटलं, नाही, दवाखान्याची आहे. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मग जुवाला बी लावा की एक."