तुम्ही विचारलंत म्हणून: डेलानोला मी गुन्हेगार का म्हणत नाही

व्याख्यान संपलं की कुणीतरी विचारतंच, "सर, अफू विकणाऱ्या त्या अमेरिकन वॉरन डेलानोला सरळ गुन्हेगार का म्हणत नाही? अमेरिकेचा अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टचा आजोबा म्हणून?" नाही हो. रूझवेल्टशी मला काय देणंघेणं?

डेलानो १८३३ साली, ऐन चोविशीत चीनमधल्या कँटन बंदरात गेला, पुढे रसेल या अमेरिकन व्यापारी कंपनीत भागीदार झाला. चहा, रेशीम आणि अफू. घरच्या पत्रात तो लिहितो, नीतीच्या दृष्टीने मी या धंद्याचं समर्थन करत नाही; पण व्यापारी म्हणून विचाराल तर व्यवहार रीतसर आणि इभ्रतीचा आहे, आपल्याकडे ब्रँडी आणतात त्याहून वाईट नाही. पहिलं वाक्य लिहायची हिंमत तरी त्याने केली, असं मला वाटायचं. म्हणून मी वर्षानुवर्षं सांगत आलो, त्याला त्याच्या काळात बघा.

मग ठाण्यातल्या एका वाचनालयातली ती संध्याकाळ. मी १८३९ सालावर बोलत होतो. अफू बंद करायला चिनी सम्राटाने पाठवलेला अधिकारी लिन झेशू, त्याने परदेशी व्यापाऱ्यांना वखारींत कोंडलं, चिनी नोकर काढून घेतले. सहा आठवडे हे धनाढ्य लोक स्वतः रांधत होते, झाडलोट करत होते. शेवटी अफूच्या २०,२८३ पेट्या हवाली झाल्या, आणि कँटनजवळच्या हुमेनला चर खणून पाणी, मीठ, चुना घालून ती अफू नासवली गेली. हा भाग मला रंगवून सांगता येतो. एकाने विचारलं, "डेलानोला वाईट वाटलं असेल?" मी म्हणालो, "कशाला वाटेल? कुटुंबवत्सल माणूस. गिऱ्हाईक मागत होतं, तो देत होता."

तिसऱ्या रांगेत वहिनी बसल्या होत्या.

माझा थोरला भाऊ १९८७ साली गर्दपायी गेला. शेवटच्या वर्षात त्याने घरातली भांडी विकली, मग वहिनींचं मंगळसूत्र. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी ते वाक्य तोंडातून गेलं. रिक्षात त्या गप्प होत्या. घरी चहाचं आधण ठेवताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्यांना पुड्या देणारा पोरगा फार मायाळू होता, भावजी. येताना आमच्या बाळाला लिमलेटच्या गोळ्या आणायचा."

गिऱ्हाईक मागत होतं हे खरंच. पण चीनमध्ये अफूच्या आयातीला बंदी होती. कँटनच्या वाटेवरच्या लिंटिन बेटापाशी माल जहाजांवर ठेवून होड्यांतून चोरून आत जायचा. याला रीतसर म्हणणारा माणूस खोटं लिहीत होता, आणि मी त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करत होतो. तरुणपणाची चूक म्हणावी, तर १८५७च्या मंदीत बुडाल्यावर पन्नाशीत तो पुन्हा चीनला गेला आणि रसेल कंपनीतच बसला.

मग म्हणा की गुन्हेगार! म्हणेन. पण माळव्याची अफू कँटनला जायची ती आपल्या मुंबई बंदरातून. सर जमशेटजी जिजीभॉय यांनी त्याच व्यापारात पैसा केला आणि रुग्णालयासाठी सढळ हाताने दिला. तिथे किती गरीब बरे होऊन घरी गेले असतील. डेलानोला लावलेला शब्द मी तिथे लावू का? लावला तर अर्धं सभागृह उठून जाईल, आणि नाही लावला तर मी अमेरिकन माणसापुरताच शूर ठरतो.

वहिनी आता व्याख्यानाला येत नाहीत. ते वाक्य मी टिपणातून खोडलंय. त्या जागी काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही, म्हणून तिथे आलो की मी पुढच्या पानावर जातो.