कसला बिल?

परवा दुपारी जेवून पडवीत आडवा झालो होतो. आमच्याकडची मे महिन्यातली दुपार म्हणजे काय ते सांगत बसत नाही, वारा बंद, कोंबड्यासुद्धा तुळशीमागे सावलीला जाऊन बसलेल्या, लाईट अर्थातच नाही. पुतण्या डोंबिवलीहून सुट्टीला आलाय. तो खिडकीपाशी, कारण आमच्या घरात रेंज फक्त त्या एका खिडकीत येते आणि तीपण फोन गजाला उभा टेकवला तरच. तर त्याचा फोन गजाला, गेम लॅपटॉपवर, आणि माझा फोन मांडीवर घेऊन त्यात यूट्यूब. बॅटरी संपायच्या आत काहीतरी उरकायचं असल्यासारखी घाई चाललेली.

आईने आतून विचारलं, "रे, मघापासून काय करतंस थंय?"

"आजी, बिल्ड बघतोय."

"कसला बिल? लायटीचा इला?"

मी हसलो तर ती माझ्यावरच चिडली, लायट नाय नि बिल मात्र वेळेवर, असं काहीतरी पुटपुटत परत फणसाच्या गऱ्यांकडे गेली. मी उठून पोराच्या मागे जाऊन बसलो. गेम म्हणजे पाथ ऑफ एक्झाईल, आणि बिल्ड म्हणजे त्यातलं आपलं कॅरेक्टर कसं घडवायचं त्याचा आराखडा. ज्यांनी बघितलाय त्यांना ते झाड माहीत असेल, 1,300 च्या वर ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, त्याला झाड म्हणतात पण मला तर बंदरावर जाळं वाळत घातलंय असंच वाटलं. दर लेव्हलला एक ठिपका पेटवायचा. यूट्यूबवाला सांगत होता आता हा, मग हा, इथून डावीकडे, आणि आमचा गडी मुकाट्याने पेटवत होता. वर एक वेगळा प्रोग्रॅमही आहे म्हणे, खेळणाऱ्यांनीच बनवलेला, त्यात सगळं कॅरेक्टर आधीच मांडून बघता येतं, शेवटी किती मारेल किती सोसेल सगळे आकडे. म्हणजे पोर जन्मायच्या आधी पत्रिका तयार.

"आणि समज चुकून भलताच ठिपका पेटवलास तर?" मी विचारलं.

"मग रिग्रेट वापरायचं."

मला वाटलं हा काहीतरी तत्त्वज्ञान सांगतोय. पण खरंच, त्या गेममध्ये ऑर्ब ऑफ रिग्रेट नावाची वस्तू मिळते, एक वापरली की एक ठिपका परत. पश्चात्ताप गोळ्यांच्या हिशोबात मिळतो आणि लोक तो आपापसात विकतात, घेतात, त्याला भाव असतो. हे ऐकून मी थोडा वेळ गप्पच बसलो, कारण आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

आमच्या वेळी म्हणजे डायब्लो टू. मी कॉलेजला रत्नागिरीत होतो, 2004-05 ची गोष्ट, एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला एक सायबर कॅफे, तासाला 20 रुपये. मालकाच्या भावाने दुबईहून ओरिजिनल सीडी पाठवली होती, आणि एका सीडीच्या नंबरवर एका वेळी एकच जण बॅटलनेटवर, म्हणजे त्या गेमच्या ऑनलाईन सर्व्हरवर, जाऊ शकायचा, म्हणून आत नंबर लागायचे, सलूनमध्ये लागतात तसे, हातात जुना पेपर घेऊन. त्या गेममध्ये दर लेव्हलला 5 पॉइंट मिळायचे, ताकद, चपळाई, व्हायटॅलिटी आणि एनर्जी अशा चार ठिकाणी वाटायला, आणि एक पॉइंट स्किलचा. एकदा टाकला की टाकला. ती सगळी पुसून नव्याने वाटायची सोय आली थेट 2010 च्या पॅचमध्ये, म्हणजे कंपनीने गेममध्ये केलेल्या सुधारणेत, तोपर्यंत माझं शिक्षण संपून नोकरीसुद्धा दुसरी चालू होती.

शहाण्या माणसाने काय करायचं हे तेव्हाही ठरलेलं होतंच. ताकद हत्यार-चिलखत पेलण्यापुरती, चपळाई ढाल चालण्यापुरती, उरलेलं सगळं व्हायटॅलिटीत, आणि एनर्जीत शून्य. माझं कॅरेक्टर पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, त्याला एका व्हायटॅलिटीमागे जीव 3 ने वाढतो आणि एका एनर्जीमागे माना, म्हणजे जादूची शक्ती, दीडने, मग एनर्जीत टाकणारा येडाच. मी तो येडा. मी चारही ठिकाणी एकेक टाकायचो आणि पाचवा पाळीपाळीने. कुणी विचारलं असतं तर कारण सांगता आलं नसतं, पंगतीत वाढताना एका पानाला ओलांडून पुढे गेल्यासारखं वाटायचं एवढंच. अजूनही मला चार भावंडांत खाऊ वाटायला दिला तर माझा हात तसाच चालतो.

आणि स्किल म्हणजे थॉर्न्स. सगळं जग तेव्हा हातोडे फिरवत होतं. 2003 च्या पॅचनंतर ब्लेस्ड हॅमर एवढा जबरदस्त झाला होता की पॅलाडिन म्हटला की हॅमरडिन, गोल गोल फिरणारे पांढरे हातोडे, स्क्रीन साफ. एका गेममध्ये चार पॅलाडिन आले तर चौघं जुळे भाऊ, हातातली काठी, अंगातलं चिलखत, सगळं सारखं. माझा आपला काट्यांचा. थॉर्न्स चालू ठेवून राक्षसांच्या मध्यात जाऊन उभं राहायचं, तो जेवढं मारेल त्याच्या अडीचपट त्यालाच लागणार, हे पहिल्या पॉइंटला. वीस पॉइंट घातलेत की दहापट. आपण काही करायचं नाही, नुसतं उभं. एवढं आळशी आणि एवढं स्वाभिमानी काम दुसरं नाही.

खरं कारण सांगायचं तर गडगा, कुंपणाची दगडी भिंत. पाऊस संपला की आजोबा गडग्यावर काट्या टाकायचे, करवंदीच्या, बोरीच्या, पायात फाटकी चप्पल, हातात कोयता, आणि मी मागून लहान लहान फाटे ओढत न्यायचो. गुरं आत येऊ नयेत म्हणून. अख्खा दिवस जायचा. संध्याकाळी आजी दिव्याखाली सुई घेऊन माझ्या बोटांतले काटे काढायची आणि आजोबांना बोलायची, आणि आजोबा म्हणायचे गुरांनाही असंच लागतं म्हणून ती येत नाहीत, म्हणजे पोराला कळलं काटा काय करतो ते. थॉर्न्सचं चित्र बघितलं तेव्हा मला हेच आठवलं, बाकी काही डोकं चालवलं नाही.

आता गंमत अशी की गडग्यावरच्या काट्यांनी गुरं थांबायची पण वानर कधी थांबले नाहीत, ते वरून, फांदीवरून फांदीवर. आणि थॉर्न्सचंही अगदी तेच, जवळ येऊन मारणाऱ्यालाच काटा लागतो, लांबून बाण मारणारा मजेत. शिवाय नाईटमेअर आणि हेल या पुढच्या अवघड पायऱ्यांना गेलात की राक्षसांचा जीव एवढा वाढतो आणि त्यांचा फटका त्या मानाने कमी, की ते स्वतःच्याच फटक्याने मरायला संध्याकाळ होते. मी तोपर्यंत आधीच मेलेलो असायचो. लोक माझ्या गेममध्ये यायचे, दोन मिनिटं बघायचे, एकाने नुसतं "थॉर्न्स लोल" टाईप केलं आणि गेला. मला राग यायचा. खेळ माझा, पैसे माझे, तासाचे 20 रुपये मी भरतोय, तुमच्या बापाचं काय जातंय.

जात होतं पण. हे मला फार उशिरा कळलं. त्या गेममध्ये एक माणूस वाढला की राक्षसांचा जीव एकट्याच्या हिशोबाने निम्म्याने वाढतो, आठ जण असले की साडेचारपट. म्हणजे मी नुसता निरुपयोगी नव्हतो, मी तिथे उभा राहिल्यामुळे बाकीच्यांचं काम वाढत होतं. माझ्या हौसेचं बिल (आई बरोबरच बोलली म्हणायची) कुठेतरी कोरियात की कॅनडात बसलेला कोणी पोरगा भरत होता.

इथे मला मेंढीकोट आठवतो. श्रावणात लावणी उरकली की आमच्या पडवीत दुपारभर डाव चालायचा, चटई, मध्ये पानाचा डबा, बाहेर पाऊस. आजोबांचा नियम होता, राणी आधी टाकायची नाही. कुठलीही राणी. बाईमाणसाला पुढे करून आपण मागे राहायचं नाही म्हणे. हे सगळ्या वाडीला माहीत. म्हणजे समोरच्या दोघांना शेवटची दोन-तीन पानं न बघताच कळायची, आणि राणी जपायच्या नादात आजोबा खुशाल मेंढी घालवायचे. खालच्या घरातले काका कायम त्यांचे भिडू. ते कपाळाला हात लावायचे. "अहो भाऊ, ती पानां असत, घरातली बायलमाणसां न्हय!" एकदा तर चारही मेंढ्या गेल्या, कोट झाला, काका उठून पावसातच निघून गेले, छत्री इथेच. आजोबांनी शांतपणे राणी पाटावर ठेवली आणि पान लावायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी काका आले ते छत्री न्यायला. आणि परत आजोबांच्या समोरच बसले.

हे मी पुतण्याला सांगितलं नाही, त्याला काय पडलंय. त्याला एवढंच म्हटलं की दुसऱ्याने सांगितलेलं पेटवत बसण्यात काय मजा रे, स्वतः चुकून बघ की. तर म्हणाला, "काका, माझ्याकडे पंधरा दिवस आहेत, त्यात रोज दोन तास लाईट जाते. मी चुका कधी करू?" यावर खरोखर उत्तर नाही. आम्ही चुका केल्या त्या काही थोर म्हणून नाही, आम्हाला विचारायलाच कोणी नव्हतं. नकाशा नसलेला माणूस वाट चुकतो त्याला भटकंती म्हणायचं हे नंतरचं शहाणपण. आणि आकडे मोठे होताना बघून त्या पोराचे डोळे लकाकत होते, ती मजा खोटी कशी म्हणू.

आणि बागेत तरी आम्ही काय वेगळं करतो. बाबांनी हौसेने रत्नाची दोन कलमं लावली होती. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसचा संकर करून काढलेली जात, 1981 ची. कागदावर बघाल तर सगळं हिच्या बाजूने, दरवर्षी धरते, साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) नाही. हापूस एक वर्ष धरणार, एक वर्ष रुसणार, वरून सोन्यासारखा आणि कापला की आत साका निघून गिऱ्हाइकासमोर मान खाली. पण पेटीवाला आला की त्याचा एकच प्रश्न, हापूस किती निघेल ते सांगा. मग मेटा, म्हणजे सगळे ज्याच्यामागे जातात तो सगळ्यात फायद्याचा बिल्ड, नक्की कुठला, हे मला कोणी समजावून सांगा. रत्नाचे आंबे आम्हीच खातो, गावात वाटतो, परवा पोराने एका बैठकीत सात खाल्ले आणि म्हणाला हा कुठला हापूस, बेस्ट आहे. आई म्हणाली, खा गप.

असो. कुठून कुठे गेलो. माझ्या त्या पॅलाडिनचं सांगायचं राहिलं. कसाबसा 71 लेव्हलपर्यंत गेला होता. मग पुण्याला नोकरी लागली, रूमवर नेट नव्हतं, नवी कंपनी, नवे मित्र, राहून गेलं. दिवाळीत घरी येताना मुद्दाम रत्नागिरीला उतरलो, कॅफेत गेलो, नंबर लावला, पासवर्ड आठवला याचाच आनंद, आणि आत बघतो तर यादी रिकामी. 90 दिवस कोणी आलं नाही तर तिथलं कॅरेक्टर पुसून टाकायचे. नियम होता, लिहिलेला होता, कोण वाचतं. मी मालकाला म्हटलं अहो माझा माणूस गेला. त्याने मान वर न करता विचारलं, तास चालू ठेवू की बंद करू?

चुकीचे पॉइंट परत मिळत नव्हते तेव्हा, आणि बरोबरचेही.

संध्याकाळी लाईट आली. पोरगा लॅपटॉप चार्जिंगला लावून अंगणात आला आणि वाडी फिरायला म्हणून आम्ही खालपर्यंत गेलो. अकरा घरं, सहांना कुलूप. खालच्या काकांच्या घरालाही, त्यांची मुलं आता वसईला असतात, ओटीवर पालापाचोळा आणि कोणीतरी वाळत घातलेली दुसऱ्याचीच आमसुलं. गडगा ढासळलाय दोन ठिकाणी. पोराने विचारलं हे कधी उघडतात, म्हटलं गणपतीत. आणि शिमग्याला, जमलं तर.

त्याला घेऊन जायला दादा एकतीस तारखेला येतोय. आई आत्तापासून विचारतेय, मगे आता कधी येतलंस? तो म्हणतो गणपतीत येतो आजी, नक्की. यंदा गणपती सप्टेंबरात. मी तिथेच पायरीवर बसून बोटांवर मोजलं. जून 30, जुलै 31, ऑगस्ट 31.

92.