गर्द सोडवताना: ओएसटीच्या गोळीचा माझा अनुभव

धाकट्या भावाचं गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन) सुटावं म्हणून मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयातल्या ओएसटी केंद्राची सगळी प्रक्रिया मी त्याच्यासोबत केली. इतर घरच्यांना उपयोग होईल तेवढंच लिहितोय.

ओएसटी (ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी) म्हणजे गर्दाऐवजी रोज जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असं नातेवाईक म्हणणारच. ही गोळी मेंदूत गर्दाच्याच जागी घट्ट बसते, पण काम अर्धंच करते आणि दिवसभर टिकते. डोस बरोबर असेल तर टर्की (नशा न मिळाल्यावर होणारा त्रास) येत नाही, झिंगही चढत नाही, माणूस कामाला जातो. नुसतं दाखल करून टर्की काढली की शरीराची गर्द पेलायची सवय उतरते. बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतलं तर श्वास बंद पडू शकतो. घरात हे आधी पटवा, मग केंद्रात जा.

पहिली अडचण दारातच येते. नाकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) ओएसटी केंद्रं एचआयव्ही रोखण्याच्या कार्यक्रमातली आहेत, म्हणून ती मुख्यतः सुईने घेणाऱ्यांसाठी. पन्नीवर जाळून धूर ओढणाऱ्याला ‘इथे नाही’ असं ऐकावं लागू शकतं. माझ्या मते हे उफराटं आहे, सुईपर्यंत पोचायची वाट कशाला बघायची? अशा वेळी सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागाची व्यसनमुक्ती ओपीडी गाठा, किंवा १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारा. सुईवाल्यांसोबत काम करणाऱ्या संस्थेचा कार्यकर्ता बरोबर असेल तर नोंदणी सोपी जाते. पोलिसांची भीती असते, पण अंमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या (हेरॉइनसाठी ५ ग्रॅम) गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं.

सगळ्यात जास्त घोळ पहिल्या डोसला होतो. शेवटचं गर्द घेऊन ८ ते १२ तास झालेले हवेत आणि टर्की दिसायला हवी: जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, मोठ्या बाहुल्या, पोटात मुरडा. टर्कीच्या धास्तीने सकाळी थोडं मारून येणारे ‘रात्रीच घेतलं’ म्हणून सांगतात. मग गोळी आत शिरून गर्दाला जागेवरून हुसकावते आणि थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, तडफड, सगळं एकदम सुरू होतं. ‘गोळीनेच आजारी पाडलं’ म्हणत माणूस उठून जातो आणि परत येत नाही. सकाळी घेतलं असेल तर तसं सांगा आणि दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी या.

पहिल्या दिवशी साधारण २ ते ४ मिलिग्रॅम देतात, दोनेक तास बसवून ठेवतात, लागलं तर आणखी देतात. पुढच्या दिवसांत डोस चढतो. बरेच जण ८ च्या आसपास स्थिरावतात, काहींना जास्त लागतो. डोस कमी पडला की संध्याकाळी अंग मोडून येतं आणि वर गर्द घेतलं जातं. म्हणून ‘बरं आहे’ म्हणून निघू नका. दुखणं किती वाजता सुरू होतं ते डॉक्टरांना सांगा.

गोळी कुटून जिभेखाली घालतात, म्हणजे ती तोंडात लपवून बाहेर विकता येत नाही. आधी घोटभर पाण्याने तोंड ओलं करायचं, गुटखा-तंबाखू थुंकून यायचं, आणि पूर्ण विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही. गिळली तर बरीचशी वाया जाते. विरघळल्यावर चूळ भरा, ब्रश तासाभराने करा, कारण या गोळीने दात किडू शकतात. बद्धकोष्ठ आणि घाम हे नेहमीचे त्रास.

दोन गोष्टी डॉक्टरांपासून लपवू नका. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन ब्युप्रेनॉर्फिन लवकर संपवतं. टीबीचा कोर्स सुरू झाल्यावर टर्की परतली तर कारण तेच असू शकतं, आणि डोस वाढवावा लागू शकतो. टीबीचं औषध मात्र सोडायचं नाही. दुसरी गोष्ट बटन, म्हणजे नायट्राझेपाम, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या, आणि दारू. ब्युप्रेनॉर्फिनवर हे घेतलं तर जीव जाऊ शकतो.

मग उरते रोजची हजेरी. ओपीडीची वेळ आणि नाक्यावर काम मिळायची वेळ एकच, रोजी बुडते. गणपतीला कोकणात जायचं तर पंधरा दिवस आधी विषय काढा. जवळच्या केंद्राला पत्र मिळू शकतं, किंवा स्थिर रुग्णाचे डोस घरच्या जबाबदार माणसाच्या हाती देतात. कोविडच्या काळात नाकोने घरी डोस न्यायला मुभा दिली होती. पंजाबच्या ओओएटी केंद्रांतही (दाखल न करता असेच उपचार देणारी सरकारी केंद्रं) स्थिर रुग्णाला ब्युप्रेनॉर्फिन-नालोक्सोन ही जोडगोळी घरी मिळते. तरीही आपल्याकडे दर वेळी विनंती करावीच लागते. काही दिवस सलग चुकले तर जुना पूर्ण डोस लगेच मागू नका, पुन्हा तपासून कमीपासून सुरू करतात.

बंद करायची घाई घरच्यांनाच असते. वर्षभर तरी थांबा. उतरवताना २ वरून ०.४ मिलिग्रॅमच्या गोळ्यांवर येतात, आणि शेवटचे हे छोटे टप्पे सगळ्यात सावकाश घ्यावे लागतात. ओढ परतली तर मागच्या डोसवर जायचं.