पोलंडची काळी मेरी आणि साताऱ्याचा ख्रिस्त

पोलंडमध्ये येशूपेक्षा त्याच्या आईचाच थाट मोठा. ती इथली राणी आहे, आणि तीही नुसती म्हणण्यापुरती नव्हे. १६५६ साली राजा यान काझिमेझनं रीतसर शपथ घेऊन तिला राणीपद दिलं.

तिचं मुख्य ठाणं चेंस्तोहोवाला, यास्ना गुराच्या मठात. वॉर्सॉहून लोक ऑगस्टमध्ये तिथवर पायी जातात, १७११ पासून. गटागटानं चालायचं, तोंडानं गाणी, वाटेतल्या गावांत खाणंपिणं. लोणंद-फलटणच्या रस्त्यावर माउलींची पालखी बघत वाढलेल्या माणसाला यात नवं ते काय!

दर्शनाच्या वेळी तुताऱ्या वाजतात, चांदीचा पडदा वर सरकतो आणि लाकडी फळीवर रंगवलेली मेरी दिसते. चेहरा काळपट, उजव्या गालावर दोन वण. १४३० मध्ये दरोडेखोरांनी चित्राची मोडतोड केली, त्याची ही खूण. चित्र दुरुस्त झालं, वण राहिले. तिला पोशाखही चढवतात, हिऱ्यांचा, माणकांचा, अंबरचा. चेहरा आणि हात तेवढे उघडे. बाहेर दोघी बायका आजच्या पोशाखावर अगदी मन लावून बोलत होत्या.

आपल्याकडं मात्र कॅलेंडरवरचा गोरापान येशू हाच अस्सल, असं धरून चालतात. पॅलेस्टाईनमधल्या ज्यू सुताराच्या घरचा मुलगा तसा दिसत असेल, हे मला तरी पटत नाही. मेक्सिकोची ग्वादालुपेची मेरी सावळीच आहे. गोव्यात जन्मलेल्या चित्रकार आंजेलो द फोन्सेकांनी पुण्यात राहून मेरीला साडी नेसवली, तर गोव्यातूनच टीका झाली.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना तर रंगही लागले नाहीत. वारकऱ्यांच्या अभंगावर पोसलेला हा कवी, त्यांचा ख्रिस्त गुरुमाउलीच झाला. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तो आपल्या साताऱ्यात. शाळेत आम्हाला त्यांच्या कविता होत्या, पण हे कुणी सांगितलं नाही!

परवा घरमालकीण आजींना फोन्सेकांची साडीतली मेरी मोबाइलवर दाखवली. चष्मा वर करून त्यांनी चित्र नीट न्याहाळलं. साडी पसंत पडली. मग म्हणाल्या, “पण राणीला दागिने एवढेच?”