ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला जाताना आधी तिथी बघा

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंची बोटफेरी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघते. पण ती आपल्या सुट्टीच्या सोयीने निघत नाही, भरतीच्या सोयीने निघते. खाडी उथळ आहे आणि ओहोटीला नुसता चिखल उघडा पडतो, त्यामुळे पुरेसं पाणी चढल्याशिवाय बोट हलतच नाही. शिवाय भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या रविवारी कुणाला सकाळची फेरी मिळाली म्हणून आपल्यालाही तीच वेळ मिळेल, असं धरून चालू नका.

आम्हाला सकाळच हवी होती. ऐरोली खाडीच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि पक्ष्यांचे रंग नीट दिसतात. माझ्या सासूबाई हर्णैच्या. मी मोबाइलवर तक्ते शोधत बसले होते, तोवर त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. "अगं, तिथीचे पाऊणपट कर. द्वादशी धर, बाराचे पाऊणपट नऊ. नवाच्या सुमाराला भरती." कोकणात हा हिशोब पिढ्यान् पिढ्या चालतो. थोडाफार फरक पडतो, पण दिवस निवडायला तो पुरतो. शनिवारी द्वादशी येत होती, ती धरून नोंदणी केली. केंद्रातून मिळालेली वेळही त्याच सुमाराची होती. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, तेव्हा नोंदणी आधीच करून ठेवा.

तिथे पोचल्यावर लाइफ जॅकेट चढवलं आणि बोटीत बसलो. दोन्ही काठांना कांदळवन, त्यात तिवरच जास्त. चिखलातून त्याची श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली दिसतात. थोडं पुढे गेल्यावर गुलाबी पट्टा दिसला आणि बोटवाल्याने इंजिन बंद केलं. मान खाली, चोच उलटी करून सगळे चिखलातलं पाणी गाळत होते. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात. दुर्बिणीतून चोच बघा: लहान रोहिताची गडद लालसर-काळी, मोठ्या रोहिताची फिकट गुलाबी, टोकाला काळी. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातो आणि त्यातल्या रंगद्रव्यांमुळेच गुलाबी होतो. हे ऐकल्यावर माझा भाचा बोटीच्या कडेवरून पाणी निरखत बसला.

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई यांच्या मधोमध एवढी मोठी पाणथळ जागा टिकून आहे, याचं मला खरंच अप्रूप वाटतं. 2015 मध्ये खाडीचा हा भाग अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. तरी भरतीबरोबर प्लास्टिक येऊन तिवरांत अडकतंच. ते बघून जीव तुटतो.

हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. पाऊस जवळ आला की बरेच पक्षी कच्छकडे निघून जातात. म्हणून जानेवारी ते एप्रिलमधली, शनिवारी-रविवारी येणारी एकादशी किंवा द्वादशी आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. टोपी आणि दुर्बीण विसरू नका.